गळ्यात जपलेला देश

कुटुंबाच्या आरोग्याचा विचार करताना आपण आहार, झोप, व्यायाम आणि औषधे यांचा हिशेब ठेवतो. गाणे मात्र छंदांच्या यादीत जाते आणि संसार वाढला की त्या यादीतूनही गळते. आजच्या लेखात अशा एका पोलिश गायकाचे स्मरण करावयाचे आहे, ज्याचे आयुष्य मायदेशापासून दूर सरले, पण गाणे कधी सुटले नाही. त्याच्या पश्चात त्याच्या घरात जे घडले, तेही आपल्या विचाराचा विषय आहे.

यान केपुरा यांचा जन्म १९०२ साली सोस्नोव्येत्स या कोळशाच्या खाणींच्या शहरात झाला. तो भाग तेव्हा रशियाच्या अमलाखाली होता. वडील बेकरी चालवीत. मुलाने वकील व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती, म्हणून यान वॉर्सा विद्यापीठात कायदा शिकू लागले. त्याच काळात गायनाचे धडेही सुरू होते. अखेर गळ्याने कायद्यावर मात केली. १९२६ साली व्हिएन्नाच्या ऑपेरागृहात त्यांचे नाव झाले, पुढे मिलानच्या ला स्काला रंगमंदिरातही ते गायले. बोलपट आल्यावर त्यांचा चेहरा आणि आवाज युरोपभर पोहोचला. तरीही हा गायक केवळ रंगमंदिराचा राहिला नाही. चाहत्यांची गर्दी जमली की ते हॉटेलच्या सज्जातून गात, कधी मोटारीच्या टपावर उभे राहून गात. ज्यांना तिकीट परवडत नसे, त्यांनाही हा आवाज मिळे.

१९३६ साली त्यांनी मूळच्या हंगेरीच्या गायिका-अभिनेत्री मार्ता एगर्ट यांच्याशी विवाह केला. दोनच वर्षांनी हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. केपुरांच्या आई ज्यू वंशाच्या होत्या. व्हिएन्ना आणि जर्मन चित्रपटसृष्टी ही दोन्ही दारे या दांपत्याला बंद झाली. त्यांनी अमेरिकेची वाट धरली. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर आक्रमण झाले आणि परतण्याचा मार्गही मिटला. परक्या भूमीवर, परक्या भाषेत दोघांनी पुन्हा सुरुवात केली. १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द मेरी विडो’ या संगीतिकेत ही जोडी उभी राहिली आणि तिचे तीनशेहून अधिक प्रयोग झाले. १९५८ साली केपुरा पोलंडमध्ये गाण्यासाठी गेले, तेव्हा लोकांनी त्यांना ऐकण्यासाठी अलोट गर्दी केली.

ऑगस्ट १९६६ मध्ये न्यूयॉर्कजवळील हॅरिसन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय चौसष्ट. पार्थिव वॉर्सा येथे नेऊन पोवोंझ्की दफनभूमीत त्यांना निरोप देण्यात आला. क्रिनित्सा या गिरिस्थानी त्यांनी हौसेने एक वास्तू बांधली होती. त्याच गावी १९६७ पासून त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरू लागला.

आता त्या घराकडे पाहू. पतीच्या आकस्मिक मृत्यूनंतर मार्ताबाईंनी गाणे सोडले. ज्या व्यक्तीसोबत स्वर लावला, तीच नाही, तर गावे कशासाठी, हा प्रश्न आपल्याकडील अनेक घरांनाही परिचित आहे. काही वर्षे अशीच गेली. त्यांना पुन्हा गाण्याकडे वळवले ते त्यांच्या वृद्ध आईने. मुलीच्या दुःखावर तिने उपदेश केला नाही, गाण्याचा आग्रह धरला, आणि मार्ताबाई पुन्हा गाऊ लागल्या. नव्वदी ओलांडल्यावरही त्या श्रोत्यांपुढे गात होत्या. डिसेंबर २०१३ मध्ये, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. गाण्याने आयुष्य वाढते, असे या घराची कथा सिद्ध करीत नाही. दोघेही जन्मभर गायले. एकाला चौसष्ट वर्षे मिळाली, दुसऱ्याला एकशे एक. रक्तदाब, आनुवंशिकता, आहार आणि दैव यांची जागा गाणे घेऊ शकत नाही. हृदयाच्या औषधाची गोळी गाण्यामुळे चुकवता येत नाही. मग गाणे काय देते?

पहिली गोष्ट श्वासाची. गाताना आपण पटकन श्वास घेतो आणि ओळ संपेपर्यंत तो सावकाश सोडतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. हा शरीराचा नैसर्गिक नियम आहे. प्राणायामात दीर्घ रेचकाला जे महत्त्व आहे, ते गाण्यात नकळत साधते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली असे दाखवले, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयगतीचे चढउतार एकमेकांशी जुळू लागतात, कारण त्यांचे श्वास एकाच वेळी घेतले व सोडले जातात. आपल्या आरतीत, भजनात, वारीतल्या दिंडीत हेच घडत असते.

दुसरी गोष्ट स्मृतीची. पक्षाघातानंतर ज्यांना बोलता येत नाही, अशा काही रुग्णांना ओळखीचे गाणे शब्दांसह गाता येते. बोलणे मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागावर अवलंबून असते, तर सुरांना उजव्या भागाचाही आधार असतो. याच तत्त्वावर गायनातून वाचा परत मिळवण्याचे उपचार उभे राहिले आहेत. स्मृतिभ्रंशातही तरुणपणची गाणी इतर आठवणींपेक्षा अधिक काळ टिकलेली दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांच्या संबंधावरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही गायनाला स्थान होते.

तिसरी गोष्ट स्थलांतराची. घर सुटते, भाषा बाजारात उपयोगी पडत नाही, ओळखीचे चेहरे दूर राहतात. अशा वेळी माणूस स्वतःला ‘मी तोच आहे’ असे कशाने पटवून देतो? केपुरांना ते गळ्याने पटवले. मुलांकडे परदेशी राहायला गेलेल्या आपल्या आईवडिलांचे, किंवा गाव सोडून शहरातल्या सदनिकेत आलेल्या आजीचे दुःखही याच जातीचे असते. जात्यावरच्या ओव्या, हरिपाठ, नाट्यपदे हा त्यांनी बरोबर आणलेला ठेवा असतो. तो ऐकायला कोणी नसेल, तर तो मुका होतो आणि त्याबरोबर माणूसही.

म्हणून काही सूचना. घरातील ज्येष्ठांना आठवड्यातून दोनतीन वेळा गायला बसवावे. पाठ ताठ, खांदे सैल, आवाज मध्यम असावा. वरच्या पट्टीत ओरडू नये. आधी थोडे कोमट पाणी द्यावे. धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. दम्याच्या व हृदयाच्या रुग्णांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर वयाचा दोष मानून सोडू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. वयानुसार स्वरतंतू बारीक होतात आणि आवाज कापरा होतो, हे स्वाभाविक आहे. त्या कापऱ्या आवाजाला हसू नये, एवढे पथ्य घरातील मुलांना अवश्य शिकवावे.

सर्वांत मोठी सूचना मात्र शोकातल्या माणसाविषयी आहे. जोडीदार गेल्यावर घरातले गाणे थांबते आणि आपण त्याला आदराने मौन राहू देतो. काही काळ ते योग्यच. पण ते मौन कायमचे होऊ देऊ नये. मार्ताबाईंना गाण्याकडे परत आणण्यासाठी कोणी मोठा वैद्य लागला नाही. आग्रह करणारे आपले माणूस लागले. तेवढे आपल्यापैकी प्रत्येकाला होता येईल.