मागच्या गाडीला निरोप कोण देणार?

धुक्यात किंवा वळणापलीकडे एखादी मोटार बंद पडली, की मागच्याला ती दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. पाय ब्रेकवर पडेपर्यंतच ती बरीच पुढे आलेली असते. घाटात समोरून येणारा ट्रकवाला दिव्यांची उघडझाप करून 'पुढे गडबड आहे' असे सुचवतो. हाच निरोप गाड्यांनी बिनतारी यंत्राने एकमेकींना द्यावा, यासाठी पंचवीस वर्षांहून अधिक काळ खटाटोप चालू आहे. तंत्राची कोडी बरीचशी सुटली. घोडे पेंड खाते ते दुसरीकडेच.

प्रत्येक गाडीने आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला दहा वेळा आसपास कळवायची, ही मूळ योजना. हा आवाज साधारण तीनशे मीटरपर्यंत पोचतो. त्यापलीकडे कळवायचे, तर मधल्या गाड्यांनी निरोप पुढे न्यायला हवा. आणि इथे पत्र, पोस्टमन, पत्ता सारेच धावते! एरवी संगणकांच्या जाळ्यात आधी मार्ग ठरतो, मग संदेश निघतो. रस्त्यावर मार्ग ठरेतो मधली गाडी वळून गेलेली असते. हार्वर्डच्या ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी २००० साली फिरत्या बिनतारी यंत्रांसाठी सुचवलेली युक्ती इथे कामी आली. मार्ग आखायचाच नाही. शेजाऱ्यांपैकी जो मुक्कामाच्या सर्वांत जवळ, त्याच्या हाती निरोप सोपवायचा.

पण अपघाताची बातमी एकाला नव्हे, मागच्या सर्वांनाच हवी असते. ती ऐकणारा प्रत्येक जण पुन्हा ओरडू लागला, तर कोलाहलात कोणालाच काही कळणार नाही. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. निरोप ऐकल्यावर प्रत्येक गाडी क्षणभर थांबते, पण सर्वांत लांबची सर्वांत कमी थांबते. ती बोलली, की मधल्या गप्प. रस्ता रिकामा असेल, तर निरोप जवळ बाळगायचा आणि पुढची गाडी भेटली की द्यायचा. युरोपच्या प्रमाणित नियमांत या युक्त्या आहेत.

मात्र साखळीला कड्या हव्यात. दहातल्या एका गाडीत यंत्र असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत ते असण्याची शक्यता शंभरात एक. सीटबेल्ट पहिल्या दिवसापासून लावणाऱ्याला वाचवतो. हे यंत्र शेजाऱ्याने घेतल्याशिवाय मुके. मग आधी पैसे कोणी मोजायचे? सक्तीवाचून हे कोडे सुटणारे नव्हे, असे माझे मत आहे.

अमेरिकेत काय घडले ते पाहा. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९९९ साली ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा वाहनांसाठी राखला. दोनच इशारे, डावीकडे वळतानाचा आणि चौकातला, सर्व गाड्यांत आले तर वर्षाला १,०८३ पर्यंत जीव वाचू शकतील, असा सरकारी अंदाज २०१४ मध्ये निघाला. डिसेंबर २०१६ मध्ये नव्या मोटारींना सक्तीचा प्रस्तावही आला. तो रखडला. दरम्यान वाय-फायच्या धर्तीचे यंत्र की मोबाइलच्या धर्तीचे, यावर कारखानदारांत दोन तट पडले. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. वापरावाचून पडलेल्या पट्ट्यावर इतरांची नजर जाणारच. २०२० मध्ये त्यातले ४५ मेगाहर्ट्झ घरोघरच्या वाय-फायला देण्याचे ठरले. २०२३ मध्ये सक्तीचा प्रस्ताव रीतसर मागे घेण्यात आला.

टोयोटाने जपानमध्ये २०१५ साली आणि फोक्सवागनने युरोपात २०१९ च्या अखेरीस, सक्ती नसताना, अशा मोटारी विकायला काढल्या. अमेरिकेत उरलेल्या ३० मेगाहर्ट्झसाठी, मोबाइलच्या धर्तीच्या यंत्राचे अंतिम नियम नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरले. ते यंत्र गाडीत बसवलेच पाहिजे, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही.