चंद्रामागची शांतता आताच राखू या

१७४१ साली दर्यावर्दी व्हिटस बेरिंगचे जहाज कामचाट्काजवळच्या एका निर्जन बेटावर फुटले. जहाजावरच्या स्टेलर या निसर्गअभ्यासकाला तिथे एक अजस्र, गरीब स्वभावाचा प्राणी दिसला : समुद्रगाय. तिचे मांस खाऊन खलाशी तगले. परतताना त्यांनी आणलेली पाणमांजरांची कातडी पाहून शिकाऱ्यांची रीघ लागली आणि १७६८ पर्यंत समुद्रगाय संपली. अवघ्या सत्तावीस वर्षांत! तिचा वंश बुडवायचा असे कोणी ठरवले नव्हते. राखायचा असेही कोणी ठरवले नाही.

चंद्राच्या पाठीमागच्या बाजूचे असे होऊ नये, म्हणून हे लिहितो आहे. पृथ्वीवरचा रेडिओलहरींचा गोंगाट तिथे पोचत नाही, कारण मध्ये साडेतीन हजार किलोमीटरचा खडक आहे. १९७३ साली एका अमेरिकी यानाने चंद्राभोवती फिरून ही शांतता मोजली. पहिले तारे पेटण्याआधीच्या हायड्रोजनची कुजबुज ऐकायला याहून चांगली जागा आपल्या आसपास नाही. मूळच्या २१ सेंटिमीटरच्या त्या लहरी विश्वाच्या प्रसरणाने कित्येक मीटर लांब झाल्या आहेत. पृथ्वीवर त्या आपल्या प्रक्षेपणांच्या गलक्यात आणि आयनांबरात हरवतात.

शांततेची किंमत जुन्नर तालुक्याला विचारा. तिथल्या खोडदला खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची. तिच्या कामात रेडिओगोंगाट येऊ नये म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग सोडायचे ठरले. तिथल्या लोकांना ते बोचले, आणि बोचणारच. गजबज वाढल्यावर शांतता राखायची तर कोणाला तरी झळ बसते. चंद्रामागे अजून कोणाचे घर नाही, शेत नाही.

वर्दळ मात्र सुरू झाली आहे. २०२४ मध्ये चीनच्या चांग-अ ६ ने तिथली जवळजवळ दोन किलो माती आणली. मोलाचे काम आहे ते, आणि संदेशवाहक उपग्रहाशिवाय झालेच नसते; पण अशा उपग्रहांच्या लहरी ही शांतता भंग करू शकतात. जाऊच नका, असे माझे म्हणणे नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमांत या भागाला संरक्षण आहे, पण त्यात सवलतीही आहेत आणि तिथे जाणारी अंतराळयाने वाढतच जाणार. अंटार्क्टिकासाठी बारा देशांनी १९५९ साली करार केला, पुढे करारातल्या देशांनी १९९१ साली खाणबंदी ठरवली, तीही एकही खाण सुरू होण्याआधी. भारत १९८३ पासून त्या करारात आहे. बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा हा कित्ता गिरवू या.

बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचा ‘प्रतुष’ हा चंद्राभोवती फिरणाऱ्या रेडिओ दुर्बिणीचा प्रकल्प याच शांततेच्या भरवशावर आखलेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश समितीत भारताला जागा आहे. तेव्हा आपल्या खासदारांना पत्र लिहा : चंद्राच्या पाठीमागच्या बाजूवरील डीडॅलस विवराभोवतीचा टापू यंत्रांपासून मोकळा ठेवावा, चंद्रामागून जाणाऱ्या यानांनी कोणत्या लहरी केव्हा वापराव्यात ते आधीच ठरावे, आणि हा प्रस्ताव भारताने मांडावा. येत्या विज्ञानदिनी मुलांना खोडदच्या तबकड्या दाखवायला न्याल, तेव्हा त्यांच्याकडूनही एक पत्र लिहून घ्या.