मधल्या माळांची साक्ष

माळावर गळ्याचा पंखा फुलवणारा सरडा दिसला, फोटो काढला आणि लोकजैवविविधता नोंदवहीत जातीचे नाव लिहून टाकले, ही पद्धत धाराशिव जिल्ह्यातल्या सहकाऱ्यांनी थांबवावी, अशी कळकळीची विनंती आहे.

कुव्हिएने 1829 मध्ये पुदुच्चेरीच्या सरड्याला सिटाना पॉन्टिसेरियाना हे नाव दिले आणि पुढे देशभरातले बहुतेक असे सरडे त्याच नावाने नोंदले गेले. 2016 मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि सहकाऱ्यांनी शरीररचना व डीएनए एकत्र तपासून ‘सरडा’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली. जेर्डनची 1870 मधली डेकनेन्सिस ही जाती तिच्यात आली. सुपर्बा आणि डार्विनी या जाती नव्याने वर्णिल्या गेल्या.

दोन समूह वेगळ्या जातींचे आहेत, हे मुळात एक गृहीतक असते. एकाच माळावर राहूनही त्यांच्यात संकर होत नसेल, तर अर्न्स्ट मायर यांची कसोटी थेट लागू पडते. पठारे दूरदूर असली की ती लावता येत नाही. मग रंग, खवले, मापे आणि जनुके एकच गोष्ट सांगतात का, हे तपासावे लागते. खरा धोका इथेच आहे. अंतरागणिक हळूहळू बदलत गेलेल्या एकाच जातीचे फक्त दोन टोकांचे नमुने घेतले, तर त्या दोन जाती भासतात. डीएनएतील फरकाची ठरावीक टक्केवारी हा पेच सोडवत नाही. त्यासाठी मधल्या भागातले नमुनेच लागतात. सह्याद्रीच्या पूर्वेला पसरलेल्या बालाघाटच्या माळांचे मोल त्यासाठीच आहे.

म्हणून प्रत्येक नोंदीत तारीख, अक्षांश-रेखांश, नर की मादी आणि पंखा पोटाकडे किती मागे जातो, हे लिहावे. पंख्याचे रंग विणीच्या काळातल्या नरांतच खुलतात. मादीवरून किंवा हंगामाबाहेर घाईने जाती ठरवू नये. खात्री नसेल तर प्रजातीवर थांबावे. नमुना घ्यायचा असेल, तर वन विभागाची परवानगी आधी घ्यावी.

जिल्ह्यात पवनचक्क्या वेगाने उभ्या राहत आहेत. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी आणि सुपर्बा सरडे जास्त आढळतात, हे मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवले. तिथे अभ्यासलेली जाती आधी निश्चित झालेली होती. आपल्याकडे ती निश्चित होण्याआधी माळ बदलला, तर परिणाम मोजायचा कोणावर? येत्या विणीच्या हंगामात प्रत्येक तालुक्यातून पुराव्यानिशी नोंदी याव्यात.