जुनी अंगडी, नवी लाज

बारशाच्या पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापण्याची रीत आता चांगलीच रुळली आहे. परंतु ‘बाळाला थोरल्या चुलतभावाचीच अंगडी-टोपडी घातली जातील’ असे छापण्याचे धैर्य अजून कुणी दाखवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. छापणे दूरच राहो. तसे घातलेच, तर येणाऱ्या-जाणाऱ्यापासून ते लपवण्याची आमची कोण धडपड! ऐन दिवाळीत हा विषय काढते आहे, तेव्हा वाचकांनी फराळाचे ताट बाजूला न सारता चार शब्द ऐकून घ्यावेत.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई. बालवाडीत शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. अर्थशास्त्र मला येत नाही; पण तीन ते सहा वर्षांची मुले आणि त्यांच्या आया रोज पाहते. आमच्या बालवाडीतल्या एका मुलाच्या धाकट्या बहिणीसाठी, तिच्या रिक्षा चालवणाऱ्या वडिलांनी हप्त्याने बाबागाडी घेतली. आमच्या आळीत पदपथ नाही. गटारावरच्या फरशा उखडलेल्या. मूल आईच्या कडेवरच असते आणि गाडीत कांद्याची पिशवी बसते. थोरल्याची तीन महिन्यांची फी थकली आहे. मी विचारले तेव्हा ती माउली म्हणाली, “बाई, पहिल्याला सगळं मागून आणलेलं वापरलं. हिला तरी नवं नको का?” या ‘तरी’ शब्दावरच माझा राग आहे. त्या बाईवर नव्हे.

मूल झपाट्याने वाढते हे आपण कौतुकाने सांगतो, पण हिशेबात धरीत नाही. जन्मतः सुमारे ५० सेंटिमीटर असलेले बाळ वर्षाचे होईतो ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. पाचव्या महिन्याच्या सुमाराला वजन दुप्पट, वर्षाला तिप्पट. म्हणजे पहिल्या वर्षात चार-पाच वेळा कपड्यांचे माप बदलणार. जे झबले दहा-बारा वेळा अंगावर चढले नाही, ते ‘जुने’ कसे झाले? आपल्याकडे पैठणी तीन पिढ्या नेसतात, तिला कोणी उतरलेले लुगडे म्हणत नाही!

आमची आजी नव्या बाळाला कोरे कापड अंगाला लावू देत नसे. दृष्ट लागते म्हणे. दृष्टीचे मला ठाऊक नाही. परंतु कोऱ्या कापडाला खळ असते, ते अंगाला खरखरते, आणि पन्नास वेळा धुतलेले सुती धोतर लोण्यासारखे मऊ होते, एवढे कुणालाही कळेल. म्हणून लंगोट धोतराचे, दुपटे लुगड्याचे आणि गोधडी घरातल्या साऱ्या बायकांच्या पातळांची. पाळणा तर गल्लीत कुणाचाच नसे. जिच्या घरी बाळ, तिच्या घरी पाळणा. त्या काळी सारे सोन्याचे होते असे मला म्हणायचे नाही. मुले पटापट मरत, आणि पुष्कळदा मागून आणण्यावाचून इलाजही नसे. पण मागण्यात कमीपणा नव्हता.

आणि हा कमीपणा कुठून आला तेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलेच घालायला लावले, त्यांनी ‘माझ्या मुलाला कोरे घालीन’ म्हटले, तर तो स्वाभिमान आहे; त्यापुढे मी मान लववते. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडी नेसण्याची पद्धत बदलायला आणि स्वच्छ राहायला सांगितले, ते उगाच नव्हे. माझे भांडण आहे ते माझ्यासारख्या पांढरपेशांशी. दिवाळीच्या साफसफाईत आपण मुलांचे कपडे गाठोड्यात बांधून कामवाल्या बाईंच्या हाती देतो आणि पुण्य पदरी पडल्यासारख्या चेहऱ्याने दार लावतो. तोच कपडा नणंदेने आपल्या मुलासाठी पुढे केला की आपला चेहरा उतरतो! जे आपल्या मुलाला चालत नाही, ते त्यांच्या मुलाला का चालावे? आणि त्यांच्या मुलाला चालण्याजोगे असेल, तर आपल्याच मुलाला काय सोन्याचे अंग आहे?

हे मी दुसऱ्यांना सुनावते आहे, पण यातली पहिली अपराधी मीच. माझी मुलगी झाली तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी एक बोचके आणून दिले. आत खणाची कुंची, विणलेले मोजे, सहा झबली, सारे धुऊन, घड्या घालून, डांबराच्या गोळ्यांशिवाय, कारण बाळाला तो वास सोसत नाही म्हणून. माझी तेव्हा पहिली कादंबरी छापून आलेली. डोके जमिनीवर नव्हते. “कशाला त्रास घेतलात?” असे गोड बोलले आणि महिन्याभरात ते बोचके बोहारणीला देऊन स्टीलचे पातेले घेतले. मुलीला सारे बाजारातून आणले. पुढे कित्येक वर्षांनी भाचीच्या बाळासाठी कुंची हवी होती. मी सहज जाऊबाईंना म्हटले, “तुमच्याकडे ती खणाची होती ना?” त्या भाजी निवडीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ती तू बोहारणीला दिलीस. कोपऱ्यावर तिच्या टोपलीत मी पाहिली. माझ्या आईनं शिवली होती.” एवढ्या वर्षांत त्यांनी ते एकदाही बोलून दाखवले नव्हते.

तेव्हापासून बालवाडीच्या व्हरांड्यात मी एक दोरी बांधली आहे. लहान झालेले कपडे आयांनी धुऊन तिच्यावर टाकायचे आणि दहा रुपयांना हवा तो न्यायचा. दहा रुपये मुद्दाम ठेवले आहेत. फुकट म्हटले की दान होते आणि दान म्हटले की कुणी हात लावीत नाही. पहिले दोन महिने दोरी ओसंडून वाहिली, नेईना कुणीच. अखेर मी माझ्याच नातवासारख्या भाचीच्या मुलासाठी सर्वांदेखत एक स्वेटर उचलला आणि दहाची नोट डब्यात टाकली. मग हळूहळू हात पुढे आले. डब्यातल्या पैशातून यंदा खडू आणि पाट्या घेतल्या.

मात्र जुने ते सारेच घ्यावे असे म्हणणारी मी नव्हे. काटकसरीच्या नावाखाली मुलाचा जीव धोक्यात घालणे हा दुसरा वेडेपणा. मोटारीत मुलाला बसवायची खुर्ची किंवा स्कूटरवरचे शिरस्त्राण अनोळखी माणसाकडून घेऊ नये. अपघातात एकदा दणका बसलेले असले तरी वरून दिसत नाही. जुन्या रंगवलेल्या खेळण्यांत शिसे असू शकते, आणि मूल ती तोंडात घालतेच. आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधीचे रंगीत खेळणे मी तरी दोरीखाली ठेवू देत नाही. बाजू खाली सरकणारा पलंग तर अमेरिकेत २०११ सालापासून विकायलाच बंदी आहे, कारण फटीत अडकून बाळे गेली.

आजोबांच्या काळचा लाकडी पांगुळगाडा, जो मूल उभे राहून पुढे ढकलते, तो खुशाल घ्यावा. खिळे तेवढे पाहावेत. पण मध्ये मूल बसवून सोडतात तो चाकांचा वॉकर निराळा. त्यात बसून मुले जिन्यावरून गडगडतात. कॅनडाने २००४ सालीच त्याची विक्री बंद केली, जुन्याचीसुद्धा. गेल्या महिन्यात एक आजोबा तसा वॉकर मोठ्या हौसेने घेऊन आले. “बाई, दोरीला टांगा, शंभर तरी येतील.” मी त्यांना चहा दिला, सारे समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग आम्ही दोघांनी पान्याने त्याची चाके काढली आणि उरलेला सांगाडा भंगारवाल्याला दिला. चाळीस रुपये आले, ते त्यांनी डब्यात टाकले.