माफीनंतरचा हिशेब

रमजानचे वीस रोजे होत आले की मशिदींमधल्या बयानात फतेह मक्काचा विषय निघतो. हिजरी सन ८, रमजानची २० तारीख. इसवी सनाप्रमाणे जानेवारी ६३०. ज्या शहराने हजरत मुहम्मद (स.) आणि त्यांच्या साथीदारांना घरदार सोडायला लावलं, त्याच शहरात ते दहा हजारांच्या सैन्यासह परतले. एका बाजूची चकमक सोडली तर लढाई झालीच नाही. मग सार्वत्रिक माफी जाहीर झाली. पैगंबरांचे चुलते हजरत हमजा यांना भाल्याने मारणारा वहशी पुढे माफ झाला, त्या खुनामागची हिंदाही माफ झाली. काबागृहाची किल्ली ज्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या होती, त्याच घराण्यातल्या उस्मान बिन तल्हा यांच्या हाती ती परत दिली गेली. मदिनेला गेलेल्यांची मक्केतली घरं इतरांनी बळकावली होती, विकली होती. पैगंबरांनी आपलं घर परत मागितलं नाही.

ही गोष्ट मदरशातल्या लहान मुलालाही तोंडपाठ असते. पण त्यानंतर काही आठवड्यांतच घडलेली दुसरी गोष्ट बयानात क्वचित येते. येते तेव्हा घाईने उरकली जाते.

मक्केच्या आसपासच्या टोळ्यांकडे संदेश घेऊन तुकड्या पाठवल्या होत्या. लढायची आज्ञा नव्हती. बनू जझीमा या टोळीकडे खालिद बिन वलीद गेले. टोळीने शस्त्रं खाली ठेवली, तरी खालिद यांनी माणसं बांधली आणि त्यातली काही मारली. सोबतच्या साथीदारांपैकी काहींनी जागच्या जागी नकार दिला. अब्दुल्ला बिन उमर यांनी आपल्या ताब्यातला कैदी मारला नाही. खबर मक्केला पोहोचली, तेव्हा पैगंबरांनी हात वर करून, खालिदने जे केलं त्यात आपला वाटा नाही, असं अल्लाहसमोर सर्वांच्या देखत सांगितलं. मग हजरत अली यांना पैसे देऊन त्या टोळीकडे पाठवलं. अलींनी प्रत्येक मेलेल्या माणसाची दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, दिली. मोडलेल्या-हरवलेल्या वस्तूंचे पैसे दिले. सीरतच्या ग्रंथांत नोंद आहे की कुत्र्याला पाणी पाजायच्या भांड्याचेसुद्धा दिले. शेवटी काही रक्कम उरली. तीही त्यांनी तिथेच ठेवली. जे नुकसान ना त्यांच्या लक्षात आलं असेल ना आपल्या, त्यापोटी.

खालिद यांना सेनापतिपदावरून दूर केलं गेलं नाही, हेही खरं आहे आणि तेही सांगितलं पाहिजे. हिशेब पूर्ण न्यायाचा झाला असा दावा कोणी करू नये. पण हिशेब झाला, आणि तो जिंकणाऱ्याने स्वतः, आपल्याच माणसाच्या गुन्ह्याचा केला. मक्केची माफी ही शत्रूच्या गुन्ह्यांसाठी होती. आपल्या बाजूच्या गुन्ह्यांवर तीच माफी पांघरून टाकण्याची सोय त्या काळातही होती. ती वापरली गेली नाही.

इस्लामी फिक्हमध्ये युद्ध आणि तहाच्या नियमांना ‘सियर’ म्हणतात. इमाम मुहम्मद शैबानी यांनी इसवी सनाच्या आठव्या शतकात या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. युरोपात ह्यूगो ग्रोशियसचा गाजलेला ग्रंथ आला १६२५ मध्ये. कोण आधी, कोण नंतर, ही फुशारकी मारायला हे सांगितलेलं नाही. गंमत अशी की तेव्हाही आणि आजही कायद्याने सर्वाधिक शाई युद्ध कधी करावं आणि कसं लढावं यावर खर्च केली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत बळाचा वापर कधी चालेल ते आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांत कैद्यांना, जखमींना, नागरिकांना कसं वागवायचं ते आहे. तोफा थांबल्यावर काय करायचं, मेलेले कोणी मोजायचे, बळकावलेली जमीन कोणी परत करायची, पळवलेल्या बायकांना कोणी घरी आणायचं, याची एकत्र अशी संहिता नाही. १९७७ च्या पूरक करारात बेपत्ता माणसाचं काय झालं हे जाणून घेण्याच्या कुटुंबीयांच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो दोन देशांमधल्या युद्धांपुरता. आणि भारत त्या करारात नाही.

सियरचा विसाव्या शतकातला मोठा अभ्यासक दख्खनचा होता. डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांचा जन्म १९०८ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठात शिकले, बॉन आणि पॅरिसला डॉक्टरेट केली, परत येऊन उस्मानियातच आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला. सप्टेंबर १९४८ मध्ये ते पॅरिसमध्ये होते, कारण सुरक्षा परिषदेची बैठक तिथे होती आणि भारताविरुद्ध तक्रार घेऊन गेलेल्या निजामाच्या शिष्टमंडळात त्यांचा समावेश होता. १६ सप्टेंबरला तक्रार परिषदेपुढे आली. भारतीय फौजा १३ लाच हैदराबाद संस्थानात शिरल्या होत्या आणि १७ ला निजामाने हात टेकले. भारताचं म्हणणं होतं की हैदराबाद हा स्वतंत्र देश नाही, हा घरातला प्रश्न आहे. निजामाने स्वतःच तक्रार मागे घेतली. संस्थानातल्या बहुसंख्य लोकांना भारतात यायचं होतं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली त्यांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला होता, आणि या बाबतीत इतिहासाचा निकाल योग्य लागला. हमीदुल्लाह मात्र परतले नाहीत. पॅरिसमध्येच निर्वासित म्हणून राहिले, दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्वही घेतलं नाही. २००२ मध्ये अमेरिकेत वारले.

शेगावकराला हे सगळं दूरचं वाटू नये. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीला पंढरपूरकडे निघते ती परभणी, परळी, अंबाजोगाई, धाराशिव करत. हा सगळा तेव्हाचा निजामी मुलुख. वऱ्हाडातली म्हातारी माणसं त्याला ‘मोगलाई’ म्हणत. बुलढाणा जिल्ह्याची दक्षिण हद्द म्हणजे मोगलाईची सुरुवात. आणि निजामशाहीचा पायाही याच जिल्ह्यात घातला गेला: ऑक्टोबर १७२४ मध्ये सिंदखेडराजाजवळच्या साखरखेर्ड्याला पहिल्या निजामाने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनचा धनी झाला. पुढे नोव्हेंबर १८०३ मध्ये तेल्हारा-अकोटकडच्या अडगावला इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांना हरवलं, डिसेंबरात गाविलगड घेतला आणि दोन दिवसांत देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून निघून निजामाला मिळाला. १८५३ मध्ये निजामाने तोच वऱ्हाड फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या ताब्यात दिला. एवढ्या उलाढालीत शेगावातल्या एकाही कुणब्याला, माळ्याला, मोमीनाला कोणी विचारलं नाही. तह असे वरच्या वर होतात.

१९४८ चाही वरचा भाग असाच झटपट आटोपला. आधीचं वर्षभर रझाकारांनी मोगलाईत जे केलं ते सौम्य शब्दांत सांगण्यासारखं नाही. गावं जाळली, लुटली, बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यासारख्या गावांत सामूहिक कत्तल केली. हिंदू कुटुंबं हद्द ओलांडून वऱ्हाडात आणि इतर शेजारी प्रांतांत आली. भारतात सामील व्हा, असं लिहिणारे ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्लाह खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर मारण्यात आलं. उर्दूत ‘रझाकार’ म्हणजे राजीखुशीने सेवा करणारा, स्वयंसेवक. एक चांगला शब्द कासीम रझवी यांच्या टोळ्यांनी कायमचा बाटवला.

सप्टेंबरनंतर माफीही मिळाली, पण कोणाला? निजाम पुढे राजप्रमुख झाले. रझवी शिक्षा भोगून १९५७ मध्ये सुटले आणि पाकिस्तानला गेले. पंतप्रधान लायक अली १९५० मध्येच नजरकैदेतून निसटून तिकडे पोहोचले होते. मोठ्यांचं हे असं झालं. खेड्यांत मात्र ज्यांचा रझाकारांशी संबंध होता आणि ज्यांचा नव्हता, अशा सगळ्याच मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. तक्रारी दिल्लीला गेल्या, तेव्हा भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवलं. नोव्हेंबरच्या अखेरीपासून २१ डिसेंबरपर्यंत ते फिरले. त्यांचा अंदाज होता की पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड जिल्ह्यांना लागली. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांचाही हात होता, असं त्यांनी लिहिलं. रझाकारांचे अत्याचारही त्यांनी लपवले नाहीत. आणि आणखी एक गोष्ट नोंदवली, जी आज दोन्ही बाजूंना ठाऊक नसते: काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवलं आणि पळवलेल्या बायका शोधून आणायला अनेक हिंदूंनी मदत केली.

ही समिती फिरत असतानाच, १० डिसेंबर १९४८ ला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं.

समितीचा आकडा सरकारने मान्य केला नाही आणि अहवाल छापला नाही. १९८८ मध्ये उमर खालिदी यांनी संपादित केलेल्या पुस्तकात त्यातला काही भाग आला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो वाचकांना मिळू लागला तो २०१३ च्या सुमारास. त्या वेळी दडवण्यामागे काही कारण होतं असं मानता येईल. फाळणीच्या आगीला वर्षच झालं होतं, गांधीजींची हत्या ताजी होती, काश्मीरचं भांडण चालू होतं. पण ते कारण फार तर दहा वर्षांना पुरतं, पासष्ट वर्षांना नाही.

हाच देश दुसऱ्याच्या बाबतीत याहून मोठ्या मनाने वागलेला आहे. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जपानशी झालेल्या तहाला भारत गेला नाही. ९ जून १९५२ ला त्याने जपानशी स्वतंत्र तह केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईचा दावा सोडून दिला. परक्या पराभूताला असा सन्मान देणाऱ्या राज्याला धाराशिवच्या विधवेपर्यंत पोहोचता आलं नसतं असं नाही.

जुन्या जखमा कशाला उकरायच्या, असं विचारणारे सगळेच कपटी नसतात. त्यांची भीती खरी आहे. पण जखम झाकलेली नाही, अर्धी उघडी आहे. दर १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्रामाची भाषणं होतात. ती व्हायलाच हवीत. त्यात रझाकार येतात, शोएबुल्लाह खान फारसे येत नाहीत आणि १७ तारखेनंतरचं काहीच येत नाही. निवडणुकीच्या दिवसांत ‘रझाकार’ हा शब्द शेजारच्या मोहल्ल्यावर फेकायला वापरला जातो. ज्याचे आजोबा त्या लोकांच्या भीतीने लपून बसले होते, त्याच्याही अंगावर तो पडतो. दुसरीकडे काही मुस्लिम घरांत ‘पोलीस अ‍ॅक्शन’ची कहाणी सांगितली जाते ती सरळ सप्टेंबरपासून. जणू त्याआधी मोगलाईत सगळं सुखात चाललं होतं. गोरट्याचं नाव त्या घरांतल्या मुलांनी ऐकलेलं नसतं. इथे मुस्लिम समाजातल्या शिकल्यासवरल्यांवर जास्त जबाबदारी येते. बनू जझीमाची गोष्ट ज्यांच्या धर्मग्रंथांत आहे, त्यांना आपल्या नावाने झालेल्या जुलमाचा हिशेब आधी मांडायला लाज वाटण्याचं कारण नाही. त्यासाठी समोरच्याने आधी मांडावा, ही अट घालता येत नाही. अलींनी घातली नव्हती.

दक्षिण आफ्रिकेत डेस्मंड टुटू यांच्या आयोगाने १९९६ पासून माफी दिली ती गुन्ह्याची पूर्ण, जाहीर कबुली घेऊन. इथे आता कबुली द्यायला कोणी उरलेलं नाही, शिक्षेचा प्रश्नही उरलेला नाही. नुकसानभरपाईचा दावा कोणाविरुद्ध लावणार? राहिली आहे ती फक्त मोजदाद. १९४८ मध्ये जी मुलं दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या पुढे आहेत, आणि दर उन्हाळ्यात कमी होत आहेत.

हे काम दिल्लीवर सोडायची गरज नाही. बुलढाणा, जालना, परभणी, हिंगोलीच्या महाविद्यालयांत इतिहास, मराठी आणि उर्दूचे विभाग आहेत. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात, एक मराठी बोलणारा, एक उर्दू. आणि त्यांना हद्दीवरच्या गावांत पाठवावं. प्रश्न साधेच असावेत. रझाकार आले तेव्हा घर कोणाचं जळलं? गाव सोडून कोण गेलं आणि कुठे? १७ सप्टेंबरनंतर कोण मारलं गेलं, त्याचं नाव काय होतं, त्याच्या शेताचं पुढे काय झालं? कोणाला कोणी, कुठल्या बळदात, किती दिवस लपवलं? उर्दूत सांगितलेलं मराठीत उतरवावं, मराठीत सांगितलेलं उर्दूत, आणि वही गावच्या ग्रामपंचायतीत एक, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक, अशी ठेवावी. काही पानं कोरीही सोडावीत, ज्यांची नावं सांगायला आता कोणीच नाही त्यांच्यासाठी.