मुलांना दंतवैद्य करण्यापूर्वी



आपल्या समाजातील एखादा मुलगा किंवा मुलगी विज्ञान विषय घेऊन एच.एस.सी. परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली की घरात डॉक्टरकीची चर्चा सुरू होते. मेडिकलची जागा मिळत नाही किंवा तेवढा खर्च झेपत नाही, तेव्हा दंतवैद्यकाचे नाव निघते. मग बैठकीतला कोणीतरी वडीलधारा म्हणतो, “काळजी कशाला? इथे नोकरी नाही मिळाली तर कुवेत आहेच. तिकडचा एक दिनार म्हणजे आपले शंभराहून अधिक रुपये!” या एका वाक्याच्या भरवशावर आजोबांनी घाम गाळून घेतलेला जमिनीचा तुकडा विकला जातो आणि बँकेचे कर्ज काढले जाते.

त्या वाक्यात खरे किती आणि आशा किती, हे आई-वडिलांनी वेळीच पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दंतवैद्याचा व्यवसाय उत्तम आहे, यात शंका नाही. रडत आलेला माणूस अर्ध्या तासात हसत घरी जातो, हे समाधान फार थोड्या धंद्यांत मिळते. मुलींनाही हे काम चांगले जमते आणि शोभते. पण हे हाताचे काम आहे. दिवसभर मान वाकवून, दोन बोटांच्या जागेत बारीक हत्यार चालवावे लागते. ज्याला हातकामाची आवड नाही आणि ज्याच्यापाशी धीर नाही, त्याने केवळ ‘डॉक्टर’ या उपाधीसाठी या वाटेला जाऊ नये.

आता शिक्षणाचे पाहू. आपली बरीच मुले भारताकडे वळतात. तेथे दंतवैद्यकाची परंपरा जुनी आहे. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यात पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 पासून आहे. आज भारतात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि पदवीच्या जागा दरवर्षी पंचवीस हजारांच्या वर आहेत. परदेशी विद्यार्थ्यालाही तेथे ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयातील उमेदवारी झाल्यावर पदवी हाती येते.

दरवर्षी एवढे दंतवैद्य तयार होतात, मग ते सगळे जातात कुठे? शहरात दवाखान्यांची गर्दी झाली आहे आणि खेड्यात स्वतःचा दवाखाना थाटायला भांडवल नाही. साहजिकच त्यांतले पुष्कळजण आखाताकडे पाहतात. म्हणजे आपला मुलगा ज्या कुवेतच्या रांगेत उभा राहणार, त्या रांगेत त्याच्या आधीच हजारो भारतीय उभे आहेत. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण दंतवैद्यांनाच लागू व्हावी, ही मोठी गंमत आहे!

कुवेत आणि भारत यांचे नाते जुने आहे. 1961 पर्यंत तेथे रुपयाच चालत असे. आज तेथे सुमारे दहा लाख भारतीय राहतात. त्यांत महाराष्ट्र मंडळ चालवणारे मराठी लोक आहेत आणि स्वतःची संघटना असलेले भारतीय दंतवैद्यही आहेत. त्यांनी तेथे चांगले नाव कमावले आहे. पण तेथे काम करण्यासाठी आरोग्य मंत्रालयाचा परवाना लागतो. त्यासाठी पदवीची तपासणी होते आणि अनुभव पाहिला जातो. काल पदवी घेतली आणि आज विमानात बसलो, असे होत नाही. शिवाय 1996 साली कुवेत विद्यापीठात दंतवैद्यक विद्याशाखा स्थापन झाली. त्यांची स्वतःची मुले शिकून तयार होत आहेत आणि सरकारी नोकरीत त्यांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे. त्यात चूक काहीच नाही. कोणताही देश प्रथम आपल्या मुलांचाच विचार करणार.

आणखी एक गोष्ट विसरू नये. आपले पूर्वज पाच वर्षांच्या गिरमिटावर या बेटावर आले. फार हाल सोसले, पण मुदत संपल्यावर त्यांतले अनेकजण येथेच राहिले, देवळे बांधली आणि पुढे या देशाचे नागरिक झाले. कुवेतचा करार तसा नाही. तेथे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की मुक्कामही संपतो. वीस वर्षे काम केले तरी नागरिकत्व मिळत नाही. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. वर्षानुवर्षांची कमाई मागे टाकून कित्येकजण अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. असे रोज घडत नाही, हे खरे. पण कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावाच लागतो.

मग कुवेतकडे पाहूच नये काय? अवश्य पाहावे, पण केवळ दिनारासाठी पाहू नये. तेथील आरोग्य मंत्रालयाने अमेरिकेतील फोर्सिथ संस्थेच्या सहकार्याने शाळकरी मुलांच्या दातांसाठी एक योजना चालवली आहे. सरकारी शाळांतील सुमारे 2,80,000 मुलांपर्यंत ती पोचली. दंतवैद्यांची पथके हलवता येणारी यंत्रे घेऊन शाळेतच जातात. वर्षातून दोनदा मुलांच्या दातांना फ्लोराइडचा लेप देतात आणि नव्याने आलेल्या पक्क्या दाढांच्या खाचा कीड लागण्याआधीच बुजवतात. दुखल्यावर दात उपटण्यापेक्षा हे किती शहाणपणाचे!

आपल्या बेटालाही अशा कामाची गरज आहे. ऊस पिकवता पिकवता आपण साखरही फार खाल्ली. कुवेतप्रमाणेच आपल्याकडेही प्रौढांत पाचांमागे साधारण एकाला मधुमेह आहे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे मधुमेह आवरणे कठीण जाते. म्हणून दंतवैद्याला येथे काम नाही, असे म्हणता येणार नाही. काम पुष्कळ आहे, पगाराच्या जागा मात्र मोजक्या आहेत. हा प्रश्न समाजाने सरकारपुढे मांडला पाहिजे.

तोपर्यंत आई-वडिलांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. प्रवेशअर्ज भरण्याआधी मुलाला आठ-पंधरा दिवस ओळखीच्या दंतवैद्याच्या दवाखान्यात बसवावे. तेथे त्याचे मन रमते की नाही ते कळेल. फी भरण्याआधी त्या महाविद्यालयाची पदवी येथे चालेल काय, हे मॉरिशसच्या डेंटल कौन्सिलकडून लेखी विचारून घ्यावे. आणि कर्जाचा हिशेब येथील मिळकतीवर मांडावा, दिनारावर नव्हे. या हिशेबात जे बसत नसेल, ते कुवेतच्या आशेवर बसवू नये.

ज्याला जायचे आहे त्याने दोन-चार वर्षांचा अनुभव घेऊन खुशाल कुवेतला जावे. पैसा कमवावा आणि तेथली शाळांची योजनाही डोळे उघडे ठेवून पाहावी. परत येताना त्याने तेवढी विद्या आणली, तरी आपल्या गावच्या शाळेतील पोरांचे दात वाचतील.