छंदांचें कपाट : एका संघाची चित्रवही

संग्रहाचा छंद लहानपणीं बहुतेकांस जडतो आणि मोठेपणीं बहुतेकांचा सुटतो. आगपेट्यांचीं वेष्टनें, पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, शंखशिंपले यांविषयीं या सदरांत वेळोवेळीं लिहिलें गेलें आहे. आज ज्या छंदाविषयीं लिहावयाचें आहे तो मुलांचा पोरखेळ म्हणूनच आपल्या घरांत ओळखला जातो : आपल्या आवडत्या क्रिकेट-संघांतील खेळाडूंचीं चित्रें व कार्डें वर्षानुवर्षें जमविणें. त्यांतही एक भेद आहे. एखाद्या नामांकित वीराचीं चित्रें जमविणें निराळें, आणि एका संघाचीं जमविणें निराळें. पहिल्या छंदांत कौतुक आहे. दुसऱ्यांत कौतुकाबरोबर न्यायबुद्धीचेंही शिक्षण आहे. हें शिक्षण घरांतल्या घरांत कसें मिळतें, तें पाहूं.

या छंदाचा उगम मात्र फारसा सोज्वळ नाहीं. गेल्या शतकाच्याही मागें, सिगारेटचीं पाकिटें मऊ कागदाचीं असत व आंतील माल चुरगळे. तो चुरगळूं नये म्हणून पाकिटांत एक ताठ पुठ्ठा घालीत. पुढें त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्रें छापण्याची युक्ति व्यापाऱ्यांस सुचली. इंग्लंडांत विल्स कंपनीनें १८९६ सालीं पन्नास क्रिकेटपटूंची एक माला काढली. अमेरिकेंत क्रिकेटच्या जागीं बेसबॉल. तेथील तंबाखूवाल्यांनीं १९०९ ते १९११ या काळांत बेसबॉलपटूंचीं शेंकडों चित्रें पाकिटांतून घरोघर पोंचविलीं. त्यांत होनस वॅग्नर नांवाच्या खेळाडूचें चित्र फारच थोड्या संख्येनें बाहेर पडलें. त्याच्या हरकतीमुळें छपाई थांबली असें सांगतात. ती हरकत तंबाखूला होती कीं मोबदल्याविषयीं होती, यावर तिकडे अद्याप वाद चालतो. तें चिमुकलें कार्ड २०२२ सालीं साडेबहात्तर लक्ष डॉलरांस विकलें गेलें. पुढें तंबाखूची जागा चघळण्याच्या गोंदानें घेतली. टॉप्स कंपनीनें १९५२ सालीं काढलेलें मिकी मॅंटलचें एक उत्तम स्थितींतील कार्ड त्याच २०२२ सालीं १ कोटि २६ लक्ष डॉलरांस गेलें. आणि मौज अशी कीं, त्या वर्षींचा न खपलेला माल कंपनीनें पुढें गलबतावर घालून अटलांटिक समुद्रांत बुडविला, असें तिच्याच एका अधिकाऱ्यानें, साय बर्जर यांनीं, सांगून ठेविलें आहे. जें बुडालें त्यामुळें उरलेल्यास मोल आलें. बाजाराचा न्याय हा असा असतो.

आपल्याकडे हा व्यापार उशिरां आला. आपल्या वाडवडिलांची चित्रवही म्हणजे वर्तमानपत्रांतील कात्रणांची वही. पुढें १९८० नंतरच्या दशकांत 'बिग फन' नांवाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंचीं चित्रें मिळूं लागलीं. त्यांवर धांवांचे व बळींचे आंकडे असत, आणि त्यांची ठराविक बेरीज भरली कीं कांहीं भेट मिळे. आज जे गृहस्थ पंचेचाळीस-पन्नाशीचे आहेत, त्यांच्या दांतांची नासाडी व अंकगणिताची तयारी या दोन्ही गोष्टी त्या एकाच गोंदानें केल्या असें म्हणावयास हरकत नाहीं. मागोमाग ट्रम्पकार्डांचा खेळ आला. सामने, धांवा, सर्वोच्च धांवसंख्या, बळी यांची तुलना करून एकमेकांचे पत्ते जिंकावयाचे. अलीकडे टॉप्स कंपनीनें आय. पी. एल.च्या संघांचीं 'क्रिकेट ॲटॅक्स' नांवाचीं कार्डें येथेंही विकलीं. म्हणजे आजोबांची कात्री, वडिलांचें गोंद आणि नातवंडांचें चकचकीत पाकीट असा हा वंशवृक्ष आहे.

असा सबंध वंशवृक्ष एका जागीं पाहावयास मिळणें दुर्मिळ. बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोलीच्या शिळफाट्यावर (ठाण्याकडील शिळफाटा निराळा) आमच्या परिचयाचें एक घर आहे. तेथें अशा चार वह्या आहेत. घाट चढून गेलें कीं पुणें, आणि कर्जतेवरून आगगाडीनें गेलें कीं मुंबई, असें त्या गांवाचें स्थान असल्यामुळें घरांतील निष्ठाही दुभंगलेल्या. आजोबा पुण्यास शिकलेले, म्हणून ते महाराष्ट्र संघाचे. मुलगे मुंबईस नोकरीला, म्हणून ते मुंबई संघाचे. रणजी करंडकांत या दोन संघांची गांठ पडली कीं त्या घरीं जेवणाचीं पानें दोन पंगतींत मांडावीं लागत, असें तेथील आत्याबाई हंसून सांगतात.

आजोबांच्या वहीचें पहिलें पान प्रोफेसर दि. ब. देवधरांचें आहे. संस्कृतचे प्राध्यापक, महाराष्ट्राचे कर्णधार; १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षें त्यांनीं संघास रणजी करंडक मिळवून दिला, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा काढल्या. मुलग्यांच्या वहींत मुंबईचें वैभव : १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षें करंडक, मर्चंटांपासून वाडेकर, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर यांपर्यंत ओळखीचे चेहरे.

परंतु या वह्यांचें खरें वैशिष्ट्य चित्रांत नाहीं. आजोबांनीं आरंभीं एक नियम घालून दिला : ज्या वर्षीं जो संघ खेळला त्याचे सगळे खेळाडू त्या पानावर आले पाहिजेत. ज्याचें चित्र मिळालें नाहीं, त्याच्यासाठीं पेन्सिलीनें एक चौकट आंखून ठेवावयाची, तींत नांव लिहावयाचें आणि खालीं त्यानें काय केलें तें नमूद करावयाचें. हा नियम तिन्ही पिढ्यांनीं पाळला. त्यामुळें या वह्यांत रिकाम्या चौकटी पुष्कळ आहेत.

कांहीं वर्षांपूर्वीं जुनें घर पाडून तेथें नवी इमारत व्हावयाची ठरली, तेव्हां या वह्यांचें काय करावें असा प्रश्न निघाला. धाकट्या बंधूंनीं चौकशी केली होती. निवडक कार्डांस व स्वाक्षरी असलेल्या दोन छायाचित्रांस गिऱ्हाईक होतें. ते म्हणाले, "दादा, दहावीस चित्रें काढून घेऊं. बाकीच्याला रद्दीवालासुद्धां हात लावणार नाहीं." थोरल्यांसही तें पटूं लागलें होतें, कारण नव्या जागेंत कपाट एकच. तेव्हां आत्याबाईंनीं एवढेंच विचारलें, "अरे, तेंडुलकराचें चित्र जगांत कोठेंही मिळेल. या चौकटींतल्यांचें काय? ते या घराबाहेर पडले तर कोणाच्या घरीं जाणार?" वह्या विकल्या गेल्या नाहींत. थोरल्यांच्या मुलीनें त्या आपल्याकडे घेतल्या.

आत्याबाईंचा प्रश्न साधा वाटेल. पण त्या चौकटींत कोण आहेत तें पाहिलें म्हणजे त्याचें गांभीर्य कळतें.

भाऊसाहेब निंबाळकर हे एक. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळतांना त्यांनीं नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तत्कालीन जागतिक उच्चांकास अवघ्या नऊ धांवा उण्या असतां प्रतिस्पर्धी संघानें पुढें खेळण्याचें नाकारून सामना सोडून दिला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें भारतीयानें काढलेली ही सर्वांत मोठी धांवसंख्या आजही आहे. निंबाळकरांस कसोटी सामना एकही मिळाला नाहीं.

मुंबईच्या वहींतील पद्माकर शिवलकर हे दुसरे. डावखुऱ्या फिरकीनें त्यांनीं प्रथम श्रेणींत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यांत चेपॉकवर तामिळनाडूचे १६ धांवांत आठ व १८ धांवांत पांच गडी बाद केले. त्याच काळांत बिशनसिंग बेदी भारताकडून खेळत असल्यामुळें त्यांच्यासाठीं जागा झाली नाहीं. २०१७ सालीं नियामक मंडळानें त्यांस जीवनगौरव दिला. २०२५ च्या मार्चांत ते निवर्तले. बेदींचें कार्ड मुलांनीं जपलें. शिवलकरांचें जपावयास तें छापलेलेंच नव्हतें.

परंतु या वहीच्याही आधींची एक चौकट आहे, आणि तिच्याविषयीं आपल्यासारख्या घरांनीं विशेष विचार केला पाहिजे. रणजी करंडक १९३४ सालीं सुरू झाला. त्यापूर्वीं मुंबईंत चौरंगी सामने होत व आपले आजे-पणजे 'हिंदू' संघाचा जयजयकार करीत. धर्मावरून संघ पाडण्याची ती रीत १९४६ सालीं संपली, तें योग्यच झालें. त्या संघाचा आधारस्तंभ होते पाळवणकर बाळू. जन्म १८७६ चा, चर्मकार कुळांतला. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत मैदानाची निगा राखतां राखतां ते ग्रेग नांवाच्या इंग्रज फलंदाजास तासन्‌तास गोलंदाजी करीत, आणि त्यांतून तयार झाले. पुण्याच्या हिंदू क्लबानें त्यांना खेळावयास घेतलें; परंतु मैदानावर ज्या चेंडूस सर्वांनीं हात लावला त्याच हातांना विश्रांतीच्या वेळीं चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यांत. १९११ सालीं इंग्लंडांत गेलेल्या हिंदी संघाकडून त्यांनीं ११४ बळी घेतले. एवढें करून संघाचें कर्णधारपद त्यांना कधीं रीतसर दिलें गेलें नाहीं. १९२० सालीं या अन्यायाविरुद्ध त्यांचे बंधु विठ्ठल व शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें; शेवटीं १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षीं हिंदू संघानें युरोपियनांस हरविलें.

देवधरांचें चित्र आपल्या घरांतून अभिमानानें लावलेलें होतें, आणि तो अभिमान रास्तच होता. बाळूंचें किती घरांतून होतें? चित्र मिळत नव्हतें हें उत्तर अर्धेंच खरें आहे. मिळविण्याची इच्छा किती होती, हा उरलेला अर्धा प्रश्न. ज्यानें केवळ वीर जमविले त्याला हा प्रश्न पडतच नाहीं. ज्यानें संघ जमविला त्याला पडल्यावांचून राहत नाहीं, कारण अकराव्या जागेची चौकट त्याच्याकडे पाहत असते. या छंदापासून घराला मिळणारी खरी कमाई ती ही.

रिकामी चौकट कधीं कधीं अकल्पितपणें भरतेही. अमोल मुजुमदारांनीं १९९३-९४ च्या हंगामांत मुंबईकडून पदार्पणाच्या सामन्यांतच २६० धांवा केल्या. कारकीर्दींत ११,१६७ धांवा व तीस शतकें काढलीं. भारताकडून एकही सामना मिळाला नाहीं. तेच मुजुमदार प्रशिक्षक असतां भारताच्या महिला संघानें २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेस हरवून विश्वचषक जिंकला. शिळफाट्याच्या त्या घरांतील मुलीनें आतां पांचवी वही आरंभिली आहे. तींत सांगलीची स्मृति मानधना आहे, उपान्त्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धांवा करणारी मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज आहे, आणि पहिल्या पानावर प्रशिक्षक आहेत. मुलींच्या संघाचीं कार्डें बाजारांत सहजीं मिळत नाहींत. म्हणून चौकटींची वडिलोपार्जित युक्ति तिला उपयोगीं पडत आहे.

ज्यांस असा संग्रह करावयाचा असेल त्यांच्यासाठीं चार व्यावहारिक सूचना. चित्रें खळीनें चिकटवूं नयेत. खळीच्या वासानें झुरळें व कसर येते, आणि घाटाखालच्या चार महिन्यांच्या पावसांत पानें एकमेकांस चिकटतात. कागदी कोपरे लावून चित्र त्यांत बसवावें, म्हणजे मागील मजकूरही वाचतां येतो. वही लोखंडी पेटींत न ठेवतां हवा खेळेल अशा कपाटांत ठेवावी व दसऱ्याच्या सुमारास उन्हाच्या कवडशांत नव्हे, तर सावलींत उलगडून वाळवावी. कात्रणावर तारीख व पत्राचें नांव त्याच दिवशीं घालावें. दिनांक नसलेलें कात्रण पुढच्या पिढीस मुकें असतें. आणि आंत काय निघेल हें ठाऊक नसलेलीं पाकिटें मुलांस एकामागून एक घेऊं देऊं नयेत. त्यांत जुगाराची गोडी लागते. अदलाबदलीनें जें मिळतें त्यांत मैत्रीही मिळते.

या सर्वांहून महत्त्वाची सूचना आजोबांचीच. मुलाच्या हातीं नवी वही देतांना आधीं संघाच्या अकरा जागा आंखून द्याव्या आणि मग चित्रें शोधावयास सांगावें. जें छापलें गेलें तें जपावयास बाजार समर्थ आहे. जें छापलें गेलें नाहीं तें जपण्याचें काम घरांचें आहे, आणि त्याला एक पेन्सिल व थोडी सचोटी यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.